विमानातील ‘बंक’
१२. बंक : लांब पल्ल्याच्या विमानातील कर्मचाऱ्यांची निजण्याची जागा. बोइंग ७७७ मध्ये ती बहुधा प्रवाशांच्या डोक्यावरच्या पोटमाळ्यात असते; वैमानिकांची पुढे, इतरांची मागे. काही एअरबस ए३३० मध्ये ती खाली, सामानकक्षाच्या पातळीवर असते. मुंबई–न्यूयॉर्क थेट उड्डाण सुमारे १५-१६ तासांचे असल्याने सहसा चार वैमानिक असतात व ते पाळीपाळीने झोपतात. निजतानाही पट्टा बांधावा लागतो. विमान उडताना आणि उतरताना मात्र बंक रिकामे ठेवतात. देडतलाई गावावरून बऱ्हाणपूर–धारणी रस्त्याने जाणाऱ्या ट्रकमध्येही चालकाच्या पाठीमागची फळी निजण्याच्याच कामाची. वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवते. ट्रकचालकांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता.