काँक्रीट मिश्रण : इमारतीचे व रस्त्याचे

सिमेंट, वाळू, खडी व पाणी हे घटक दोन्हीकडे सारखेच असले, तरी त्यांचे प्रमाण कामानुसार बदलते. इमारतीच्या स्लॅब, बीम व कॉलममध्ये ताण सळई घेते, दाब काँक्रीट घेते. म्हणून तेथे काँक्रीटच्या चाचणी घनाचे २८ दिवसांनंतरचे दाबसामर्थ्य पाहतात. आयएस ४५६ : २००० नुसार सळईयुक्त कामास किमान एम २० प्रतीचे काँक्रीट लागते. मिश्रण दाट सळयांमधून शिरावे, पंपाने चढावे, म्हणून ते बरेच प्रवाही ठेवतात. खडी बहुधा २० मिमी.पर्यंतची असते.

रस्त्याच्या काँक्रीट फरशीत सांधे सोडले तर सळई सहसा नसते. चाकाखाली फरशी वाकते आणि तो ताण काँक्रीटलाच सोसावा लागतो. म्हणून येथे वाकताना टिकण्याचे सामर्थ्य निर्णायक ठरते. महामार्गासाठी साधारणपणे एम ४० प्रत वापरतात. झिजेला तोंड देणारी कठीण खडी लागते. पाणी कमी, मिश्रण घट्ट. फरसबंदी यंत्राने अंथरल्यावर मिश्रणाच्या कडा साच्याशिवाय उभ्या राहिल्या पाहिजेत. पाणी वाढवून काम सोपे करणे इमारतीतही वाईटच. रस्त्यावर मात्र त्यामुळे पृष्ठभाग लवकर धुळीसारखा सुटतो. आकुंचनाच्या भेगा अनियमित पडू नयेत म्हणून काँक्रीट पुरेसे घट्ट होताच ठराविक अंतरावर सांधे कापतात.