हातभार आणि उठाठेव : तालमींतील एका अलिखित मर्यादेचा विचार

१

दोन वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास शहरांतील एका व्यायामशाळेंत दुखापत झाली. पाठीवर निजून लोखंडी दांडा छातीवरून वर ढकलण्याचा जो प्रकार आज बेंच-प्रेस या नांवानें सर्वतोमुखी आहे, तो करीत असतां शेवटच्या खेपेस त्याचे हात थकले. दांडा खालीं आला तो वर जाईना, आणि कांहीं क्षण तो त्या भाराखालीं तसाच अडकून राहिला. भोंवतीं सातआठ माणसें होतीं; सर्व अनोळखी. अखेरीस दांडा एका बाजूस कलंडला, चकत्या घसरून पडल्या, आणि बरगडीस चीर पडण्यावर निभावलें. आम्ही समाचारास गेलों तेव्हां तो म्हणाला, "सर, मी कुणाला हाक मारली नाहीं, आणि त्यांनींही विचारलें नाहीं. दुसऱ्याच्या व्यायामाकडे बघत राहणें बरें दिसत नाहीं, म्हणून सगळ्यांनीं माना वळवल्या होत्या."

हें वाक्य आमच्या मनांत घर करून राहिलें. त्या सातआठ जणांत दुष्ट कोणी नव्हता. उलट प्रत्येकानें आपल्या समजुतीप्रमाणें सभ्यताच पाळली. तेव्हां परक्याच्या भारास हात केव्हां लावावा आणि केव्हां लावूं नये, हा प्रश्न केवळ दयेचा नसून रीतीचा आहे. आपल्या तालमींनीं त्याचें उत्तर फार पूर्वीं दिलेलें आहे. मात्र तें पोथ्यांपेक्षां वहिवाटींत व भाषेंत अधिक राहिलें आहे. तें संशोधकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

२

प्रथम ग्रंथांकडे वळूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल इ. स. ११२६–११३८) याच्या मानसोल्लासांत मल्लविनोद नांवाचें प्रकरण आहे. ग्रंथाचा काळ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत त्याचा पहिला भाग १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. मल्लविनोदांत मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग सांगितले असून भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम इत्यादि श्रमांचें वर्णन आहे. पैकीं स्तंभश्रमांत कित्येक अभ्यासक आपल्या मल्लखांबाचें पूर्वरूप पाहतात. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचें मल्लपुराण याच मालेंत १९६४ सालीं निघालें; त्यांतही श्रमांच्या गणनेंत गुरु व लघु अशा दोन गोणितकांचा निर्देश येतो. भार उचलण्याचा व्यायाम आपल्याकडे आयात झालेला नाहीं, हें दाखविण्यास एवढें पुरे.

पण मानसोल्लासाच्या त्या वर्गवारींत मल्ल आहे, त्याचा आहार आहे, पाहणारा राजा आहे. भाराखालच्या मल्लाशेजारीं जो उभा राहतो त्याचा मात्र निराळा वर्ग नाहीं.

वैद्यकाची दृष्टि याहून वेगळी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत चोविसाव्या अध्यायीं व्यायाम बलाच्या अर्ध्यानें करावा असें सांगून, हृदयस्थ वायु मुखास येऊं लागला कीं अर्धें बल खर्चलें असें समजावें, अशी खूणही दिली आहे. चरकानें निदानस्थानाच्या सहाव्या अध्यायांत शोषाचीं चार कारणें सांगतांना साहस हें पहिलें गणलें. आपल्याहून बलवानाशीं झुंजणें, फार मोठें धनुष्य ओढणें, अतिशय जड भार वाहणें हीं त्या साहसाचीं उदाहरणें होत. दोन्ही आचार्यांनीं मर्यादा घातली ती ज्याची त्याच्या शरीरांत. कोठें थांबावें हें ज्याचें त्यानें ओळखावयाचें.

परंतु आपलें बल किती याची परीक्षा पाहणारा मनुष्य अर्ध्या बलावर थांबत नाहीं, हें शास्त्रकारांनाही ठाऊक होतें. एरवीं साहसाचा निषेध करण्याचें कारण नव्हतें. बलार्धाची रेघ ओलांडलेल्या माणसास स्वतःच्या शहाणपणावर विसंबतां येत नाहीं. तेथून पुढें त्यास दुसऱ्याचा डोळा व दुसऱ्याचा हात लागतो.

३

आतां शिळांची साक्ष पाहूं. ग्रीसमध्यें ऑलिंपिया येथें सुमारें १४३ किलो वजनाची एक वालुकाश्माची शिळा सांपडली आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांतील तिच्यावरच्या लेखांत बिबॉन नांवाच्या पुरुषानें ती एका हातानें डोक्यावरून फेंकल्याचें कोरलें आहे. थेरा बेटावरील दुसरी शिळा सुमारें ४८० किलोची. ती यूमास्तस नांवाच्या पुरुषानें जमिनीवरून उचलली, असें तिच्यावरचा लेख सांगतो. आपल्याकडे बडोद्याच्या संग्रहालयांत गामा पैलवानाच्या नांवाची शिळा आहे. त्यानें ती १९०२ सालीं उचलली अशी नोंद असून तिचें वजन १,२०० किलो सांगतात. येथें 'उचलली' म्हणजे किती, जमिनीपासून सुटली कीं छातीपर्यंत आली, हा प्रश्न चिकित्सक वाचकाच्या मनांत येईलच. पण तो आजचा विषय नव्हे.

आमचें लक्ष वेधतें तें निराळ्या गोष्टीकडे. तिन्ही ठिकाणीं उचलणाऱ्याचें नांव आहे, बाजूस उभ्या असलेल्यांचें नाहीं. ही कोरणाऱ्याची विस्मृति नव्हे. दुसऱ्याचा हात लागला नाहीं, यांतच त्या लेखाचा सगळा अर्थ आहे; शेजाऱ्याचें नांव कोरलें असतें तर उचलणाऱ्याचा पराक्रमच संशयित ठरता. बाजूस उभ्या राहणाऱ्यानें आपलें काम जितकें चोख केलें, तितका तो अभिलेखांतून नाहींसा झाला.

लिखित नियमांत त्यास स्थान मिळालें तें अगदीं अलीकडे. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाची स्थापना १९७२ सालीं झाली. त्याच्या नियमांप्रमाणें मंचावर असे साहाय्यक किमान दोन व जास्तींत जास्त पांच असावे लागतात, आणि पंचांच्या दोन खुणांच्या दरम्यान त्यांचा हात दांड्यास लागला तर ती खेप बाद होते. म्हणजे हात तयार हवा, पण लागतां कामा नये. तालमींतल्या कोणाही जुन्या माणसास हा नियम नवा वाटणार नाहीं.

४

ही मर्यादा मराठी भाषेनें कशी जपली आहे तें पाहण्यासारखें आहे. आखाडा हा शब्द संस्कृत अक्षवाटापासून आलेला; तालीम अरबी, वस्ताद, पैलवान व जोर फारशींतून आलेले. तालीम म्हणजे मूळ अर्थानें शिक्षण. इराणांतील व्यायामगृहास जोरखानाच म्हणतात. तेथेंही पाठीवर निजून दोन हातांत 'संग' नांवाचीं जड फळ्यांची जोडी वरखालीं करण्याचा प्रकार आहे, आणि त्या वेळीं दुसरा कोणी मोठ्यानें खेपा मोजतो. भार एकाचा आणि लक्ष दुसऱ्याचें, ही वांटणी तेथेंही दिसते.

पण खरा ठेवा आपल्या घरगुती शब्दांत आहे. हातभार हा शब्द आज आपण वर्गणीच्या पावतीवरही वाचतों. परंतु त्याचा देह पाहिला तर हात आणि भार एवढेंच त्यांत आहे. रानांत मोळी बांधून बसलेली बाई वाटसरूस "जरा उचलूं लागा" म्हणते, तेव्हां तो वाटसरू मोळी उचलीत नाहीं, उचलूं लागतो. 'लागणें' या क्रियापदानें काम तिचेंच राहतें आणि साहाय्य तेवढें त्याचें होतें. मोळी डोक्यावर बसली कीं हात सुटला. पुढची वाट तिची तिनें चालावयाची.

याच्या उलट शब्द उठाठेव. उठविणें आणि ठेवणें हीं भाराचींच दोन कामें त्यांत उघड दिसतात. पण व्यवहारांत त्याच्यामागें बहुधा 'नसती' हें विशेषण लागतें. हातभार व उठाठेव या दोहोंत भार तोच, हातही तोच. हाक तेवढी मध्यें आहे. मागितलेला हात तो हातभार; न मागतां घातलेला ती उठाठेव.

तमिळ देशांत वाटेवर डोक्याच्या उंचीचे सुमैतांगी नांवाचे दगडी ओटे आढळतात. एकट्या वाटसरूस ओझें उतरवून पुन्हां घेतां यावें, यासाठीं ते बांधलेले असत, आणि गरोदरपणीं मरण पावलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थही ते उभारीत. हांकेस ओ देणारें कोणी नसेल तेथें दगडानें ती जागा भरावी, ही कल्पना आम्हांस फार मोठी वाटते.

५

आतां आमचा स्वतःचा अनुभव. कृष्णाकांठच्या ज्या गांवीं आमचें बालपण गेलें, तेथें मारुतीच्या देवळामागें तालीम होती आणि तिच्या दारांत एक दगडी गोटी. ती उचलण्याची तेथली रीत पुढीलप्रमाणें होती :

(१) गोटीस हात घालण्यापूर्वीं उचलणाऱ्यानें वस्तादांस सांगावें. मुकाट्यानें कोणीं भिडूं नये.
(२) वस्तादांनीं नेमलेल्या दोघांनीं दोन्ही अंगांस उभें राहावें. समोर कोणीं उभें राहूं नये.
(३) "घ्या" अशी हाक येईपर्यंत हात लावूं नये. हाक आली कीं दोघांनीं एकदम घ्यावें, आणि गोटी जमिनीस टेकेपर्यंत सोडूं नये.
(४) हात लागलेली खेप मोजूं नये. मात्र तिची वाच्यता तालमीबाहेर करूं नये.
(५) उचलणारा गुदमरला व त्यास बोलवेना, तर त्याच्या वतीनें हाक वस्तादांनीं द्यावी.

आम्ही बारातेरा वर्षांचे असतां परगांवचा एक पैलवान आला. गोटी त्याच्या गुडघ्यांवर आलेली पाहून उत्साहाच्या भरांत आम्हीं खालून हात घातला. त्याचा तोल गेला, गोटी निसटली. त्याचा पाय थोडक्यांत वांचला. तो कांहीं बोलला नाहीं, पण वस्तादांनीं आम्हांस जवळ बोलाविलें.

"पाव्हण्यानं तुला हाक मारली व्हती का रं?"

"न्हाई, वस्ताद."

"मग? त्याचं वझं त्याला ठावं. डोळं त्याच्यावर ठेव, हात खाली ठेव. अन् हाक आली की मात्र वाट बघू नगं."

त्यानंतर आठ दिवस हौद्याची माती खणण्याचें काम आमच्याकडे होतें. पुढें उभी हयात संस्कृत शिकविण्यांत गेली. पण अधिकार आणि कर्तव्य यांची इतकी नेटकी फोड आम्हीं कोणत्या भाष्यांत वाचली असें आठवत नाहीं.

६

या पांच कलमांत सर्वांत मोलाचें तें शेवटचें. पहिलीं चार कलमें उठाठेवीपासून वांचवितात. पांचवें माणसास वांचवितें. आजच्या व्यायामशाळेंत साधनें चांगलीं आहेत, चकत्यांवर वजनें अचूक कोरलेलीं आहेत. पण तेथें येणारे परस्परांस अनोळखी, आणि प्रत्येक भारावर नजर ठेवणारा वस्ताद बहुधा नाहीं. चार कलमें लोकांनीं आपोआप पाळलीं. पांचवें पाळणारा कोणी उरला नाहीं. आमचा विद्यार्थी ज्या भाराखालीं अडकला त्याचें हें कारण होय.

तेव्हां वस्तादांचें काम दोघांत वांटून घ्यावें लागेल. भार घेणाऱ्यानें आधींच शेजाऱ्यास विचारावें, किती खेपा करणार तें सांगावें, आणि कोणत्या शब्दावर हात घालावयाचा तें ठरवावें. शेजाऱ्यानें तोंवर हात आंवरावा. मात्र ज्याच्याशीं असें कांहींच ठरलें नाहीं, अशा परक्याचा दांडा छातीवर थांबून वर जाईनासा झाला, तर तो थांबलेला दांडा हीच हाक समजावी. श्वास कोंडलेल्या माणसाकडून शब्दाची अपेक्षा करणें ही सभ्यता नव्हे.

हा विद्यार्थी आतां बरा होऊन पुन्हां व्यायामास जाऊं लागला आहे. आरंभीं तो नेमानें एका अनोळखी गृहस्थास विचारीत असे. आतां ते गृहस्थही त्यास विचारतात. दोघांस एकमेकांचीं आडनांवें अजून ठाऊक नाहींत, असें तो सांगत होता.

शेवटीं एक विनंति. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण कागदपत्रांच्या शोधार्थ गांवोगांव हिंडतात. एखाद्या देवळापाशीं उचलण्याची गोटी दिसली, तर तिचें वजन व उचलणाऱ्याचें नांव तर टिपावेंच. पण गांवांतील एखाद्या वृद्धास आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : त्या दिवशीं बाजूस कोण उभे होते? तीं नांवें कोणत्याही दगडावर मिळावयाचीं नाहींत, आणि आठवणारीं माणसें थोडीं उरलीं आहेत.