घरगुती चॉकलेट: निवड आणि वितळविण्याची पद्धत

तमिळनाडूतील उटी हे थंड हवेचे ठिकाण घरगुती चॉकलेटसाठी प्रसिद्ध आहे. तेथील गारव्यात साच्यातील चॉकलेट सहज घट्ट होते. मैदानी प्रदेशातील उष्ण स्वयंपाकघरात मात्र योग्य चॉकलेटची निवड आणि ते वितळविण्याची पद्धत यांना विशेष महत्त्व आहे.

खरेदीपूर्वी वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. 'कुव्हर्चर' चॉकलेटमध्ये कोको बटरचे प्रमाण अधिक असते. कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाहून किंचित खाली वितळते; त्यामुळे असे चॉकलेट तोंडात विरघळते. 'कंपाउंड'मध्ये कोको बटरऐवजी अन्य वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो. ते स्वस्त आणि हाताळण्यास सोपे असले, तरी चवीला कमी प्रतीचे असते.

चॉकलेटचे बारीक तुकडे कोरड्या भांड्यात घेऊन ते मंद वाफेवर ठेवावे. भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नये. पाण्याचे काही थेंब पडले तरी मिश्रण दाणेदार होऊन आळते.

कंपाउंड वितळवून थेट साच्यात ओतता येते. कुव्हर्चरसाठी 'टेम्परिंग' आवश्यक असते. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून, ढवळत २७-२८ अंशांपर्यंत थंड करावे आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावे. त्यामुळे कोको बटरचे स्थिर स्फटिक तयार होतात व चॉकलेटला चकाकी येते. अन्यथा पृष्ठभागावर पांढरट थर येतो. हा थर बुरशी नसून वर आलेला स्निग्धांश असतो. असे चॉकलेट खाण्यास अपायकारक नसते.