व्हीपीएन अडतो कुठे?

व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतो, पण ऑफिसचा फाइल सर्व्हर उघडत नाही, ही तक्रार आयटी विभागाच्या रोजच्या ओळखीची. तिचं खापर बहुतेक वेळा वापरणाऱ्यावर नाहीतर त्याच्या लॅपटॉपवर फुटतं. ते अन्यायाचं आहे. यातले सर्वांत चिवट बिघाड १९९०च्या दशकात इंटरनेटच्या अभियंत्यांनी घेतलेल्या निर्णयांतून आलेले आहेत आणि तो इतिहास ठाऊक असला, तर दोष कुठे शोधायचा हेही कळतं.

मूळ कल्पनेत प्रत्येक यंत्राला स्वतःचा, जगात एकमेव असा पत्ता होता. ३२ बिटांत असे सुमारे ४३० कोटी पत्ते मावतात. ते पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागलं. मे १९९४मध्ये ‘नॅट’ची योजना मांडली गेली: नेटवर्कमधली सगळी यंत्रं थोड्याच बाहेरच्या पत्त्यांआड राहतील आणि राउटर वाटेत पत्ते बदलेल. हा तात्पुरता उपाय असल्याचं त्या दस्तऐवजातच म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९५मध्ये, आयपीसेक या व्हीपीएनच्या सुरक्षाप्रणालीचे पहिले दस्तऐवज आले. त्यातल्या ‘एएच’ या भागाच्या हिशेबी वाटेत पत्ता बदलणं म्हणजे छेडछाडच. असं डेटाचं पाकीट तो फेकून देतो. दुसरा भाग ‘ईएसपी’ बाहेरचा पत्ता तपासत नाही, पण त्याला पोर्ट क्रमांकच नसतो. त्यामुळे परत आलेलं पाकीट घरातल्या कोणत्या यंत्राला द्यायचं, हे साध्या राउटरला कळेना. मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेल्या पीपीटीपी या व्हीपीएन पद्धतीचीही हीच अडचण होती. पहिलं बोलणं १७२३ या पोर्टवरून सुरळीत व्हायचं, पण पासवर्डची तपासणी पोर्ट नसलेल्या ‘जीआरई’च्या पाकिटांतून चालायची आणि ती राउटरपाशी अडायची. स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड तपासत असल्याचा संदेश तसाच राहायचा. माणूस पुन्हापुन्हा पासवर्ड टाइप करी. तो पलीकडे पोहोचलेलाच नसे. ईएसपीला यूडीपीच्या ४५०० पोर्टमध्ये गुंडाळण्याचा प्रमाण उपाय यायला जानेवारी २००५ उजाडला.

फेब्रुवारी १९९६मध्ये खाजगी, म्हणजे कोणीही आपल्या नेटवर्कमध्ये वापरावेत अशा, पत्त्यांचे तीन पट्टे कायम झाले, १९२.१६८ने सुरू होणारा त्यांतलाच. मार्च २०२०च्या टाळेबंदीत हिंजवडी, ऐरोलीतल्या कंपन्यांचं काम घराघरांत गेलं, तेव्हा या निर्णयाची धग अनेकांना लागली असणार. घरचा राउटर १९२.१६८.१ वापरतो, ऑफिसचं नेटवर्कही तेच. मग लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधत बसतो. व्हीपीएन खरोखरच जोडलेला असतो, म्हणून कुठेही चूक दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल की प्रत्यक्षात बहुतेक तक्रारी विसरलेल्या पासवर्डच्या, संपलेल्या सर्टिफिकेटच्या किंवा चुकलेल्या घड्याळाच्या असतात. संख्येने त्या जास्त असतीलही. पण त्या निदान काहीतरी संदेश देतात आणि लवकर सुटतात. वेळ खातात ते मुके बिघाड. उदाहरणार्थ, इथरनेटचं पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटचं. त्यातली काही जागा व्हीपीएनचं वेष्टण घेतं. पाकीट मोठं झालं की वाटेतल्या राउटरने तसं कळवायचं असतं, पण सुरक्षेच्या नावाखाली अनेक फायरवॉल हे निरोपच अडवतात. लॉगिन होतं, छोटं पान उघडतं, मोठी फाइल मात्र लटकते. विंडोजवर ‘पिंग’ला -एफ आणि -एल हे पर्याय देऊन आकार १४७२पासून उतरवत गेलं, की पाकीट कुठे मावतं ते सापडतं. रीस्टार्ट करून हा दोष जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नवं तंत्रज्ञान आलं, आता जुना इतिहास कशाला उगाळायचा? मार्च २०२०मध्ये लिनक्स ५.६ कर्नलमध्ये आलेलं वायरगार्ड हे व्हीपीएन खरोखरच सुटसुटीत आहे. ते फक्त यूडीपीवर चालतं, त्यामुळे जीआरईची कटकट संपली. पण त्याच्या जोडणीचा नेहमीचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १४२० ठेवलेला असतो, कारण १५००ची मर्यादा कायम आहे. आणि नॅटमागच्या यंत्राला दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवायला सांगावं लागतं, नाहीतर राउटर ती जोडणी विसरतो. घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल, तर वायरगार्डनेही सर्व्हर सापडत नाही. दोहोंपैकी एका नेटवर्कचा पट्टा बदलणं हा त्यावरचा खात्रीचा उपाय.