पिंपळे सौदागरचा हिशेब : डॉ. हॅरल्ड मॅन यांची सरकारी चाकरी

इंग्रजी अमदानीतील अधिकारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोड्यावर बसलेला, सलाम घेणारा आणि वसुलीची चौकशी करणारा साहेब उभा राहतो. तसे साहेब पुष्कळ होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाचकहो, त्याच नोकरशाहीत एक असाही माणूस होऊन गेला की ज्याने पुण्याजवळच्या एका लहानशा खेड्यात घरोघर चौकशी करवून कोणाच्या घरात किती माणसे, किती जमीन, किती कर्ज आणि वर्षाकाठी पोट भरते की नाही, याचा लेखी हिशेब मांडला. त्यांचे नाव डॉ. हॅरल्ड मॅन. वीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यात काढली. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव सहसा आढळत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मॅन यांचा जन्म १८७२ सालचा, इंग्लंडमधील यॉर्क गावचा. शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ. तरुणपणी वोबर्न येथील शेतकी प्रयोगक्षेत्राशी त्यांचा संबंध आला. १९०० साली चहामळेवाल्यांच्या संस्थेचे शास्त्रीय अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानात आले. चहाच्या झाडावरील कीड व रोग यांवर जॉर्ज वॅट यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९०३ साली निघाला. एवढ्यावरच ते थांबते तर चहाचे एक तज्ज्ञ म्हणून त्यांची नोंद झाली असती व आपल्याला त्यांच्याशी काही कर्तव्य उरले नसते.

परंतु त्याच सुमारास त्यांनी आणखी एक काम केले होते आणि पुढच्या सगळ्या कामाचे बीज त्यातच आहे. यॉर्क शहरातील गरिबांची सीबोम राउन्ट्री यांनी केलेली पाहणी १९०१ साली प्रसिद्ध झाली होती. माणसाला जगण्यापुरते अन्न, वस्त्र व निवारा यांसाठी किती खर्च येतो ते आधी ठरवायचे आणि मग किती कुटुंबांची मिळकत त्याहून कमी पडते ते मोजायचे, अशी ती पद्धत. तीच मोजपट्टी मॅन यांनी वोबर्नजवळच्या रिजमाँट या खेड्याला लावली. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत गावातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसे दारिद्र्यात असल्याचे दिसून आले. हे इंग्लंडमधले खेडे, आणि इंग्लंड त्या वेळी जगाचा सावकार! आपल्या देशातील गरिबी झाकून दुसऱ्याच्या गरिबीवर बोट ठेवण्याची खोड या माणसाला नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१९०७ साली ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पुण्यातील अस्पृश्य समाजाच्या स्थितीवरील त्यांचा निबंध १९१२ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजात त्यांच्याबरोबर काम करणारे आपल्याकडील लोकही मोठे कर्तबगार होते. व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह त्यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास केला व तो १९१० साली खात्याने छापला. ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

नीरा कालव्याचे पाणी आले तेव्हा दुष्काळी मुलखाला आनंद झाला, आणि तो साहजिक होता. उसाला पाणी मिळाले. पण पाणी द्यायला सुरुवात करणे सोपे, ते जमिनीतून बाहेर काढणे अवघड. भारी काळ्या जमिनीत वरून पाणी मुरत राहिले आणि निचरा झाला नाही, की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढते. त्या पाण्याबरोबर क्षार वर येतात. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र वरच राहतात आणि शेत पांढरे दिसू लागते. कालवा खोदताना चर खोदण्याचाही विचार झाला पाहिजे, हा त्यातला धडा. पुढे शंभर वर्षे आपल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हीच तक्रार ऐकू येत राहिली, तेव्हा तो किती जणांनी वाचला हा प्रश्नच आहे.

आता पिंपळे सौदागरकडे वळू. पुण्याच्या वायव्येस पवना नदीकाठचे हे गाव. डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर व इतर सहकाऱ्यांच्या साहाय्याने मॅन यांनी केलेली त्याची पाहणी १९१७ साली ‘लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज’ या नावाने प्रसिद्ध झाली. पेशवाईतील जुन्या कागदांपर्यंत मागे जाऊन त्यांनी एका प्रश्नाचा पाठपुरावा केला : एका खातेदाराकडे सरासरी जमीन किती? १७७१ साली ती ४० एकर होती. १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षी, १७॥ एकर. १८२० ते १८४० या काळात १४ एकर. आणि १९१४-१५ साली अवघी ७ एकर. दीडशे वर्षांच्या आत चाळिसाचे सात!

बरे, ही सात एकर तरी एका ठिकाणी असावी? तसेही नाही. गावातील शेतांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते आणि त्यांतले ११२ तर पाव एकराहूनही लहान, म्हणजे दहा गुंठ्यांच्या आतले. बाप वारला की प्रत्येक मुलाला नुसती समान जमीन मिळून भागत नाही. नदीकाठच्या मळीत वाटा हवा, माळावरही हवा आणि विहिरीच्या पाण्यातही हवा. हिंदूंचा वारसा असो वा मुसलमानांचा, हा अनुभव आपल्यापैकी ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांना नवा नाही. औत एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर नेण्यातच दिवस जातो आणि बांधात किती जमीन गेली ते कोणी मोजीत नाही.

याहून महत्त्वाची मोजणी पुढेच आहे. गावात १०३ कुटुंबे. त्यांपैकी केवळ शेतीवर ज्यांचे नीट भागत होते अशी ८. शेती आणि बाहेरची मजुरी मिळून भागत होते अशी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांचे कशानेही भागत नव्हते. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ आणि पुण्याची बाजारपेठही जवळ. तरीही शंभरातील पासष्ट घरे तोट्यात.

शहराजवळचे गाव म्हणून असे आकडे निघाले असतील, ही शंका कोणीही घेतली असती. मॅन यांनी ती स्वतःच घेतली. त्यांनी कानिटकरांना बरोबर घेऊन शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू, शहरापासून दूरचे गाव निवडले. तो अभ्यास १९२१ साली छापला गेला. तेथे १४७ कुटुंबांपैकी १२५ कुटुंबांचे भागत नव्हते. पहिल्या गावाहून स्थिती वाईटच निघाली! माझ्या मते मॅन यांचा मोठेपणा या दुसऱ्या गावात आहे. पहिला निष्कर्ष गाजला की माणूस त्यावर भाषणे देत फिरतो. पुन्हा उन्हातान्हात जाऊन तो तपासून पाहणारे थोडे.

पुढे मॅन इलाख्याच्या शेतकी खात्याचे डायरेक्टर झाले. सुधारलेले बी, लोखंडी नांगर, खते यांचा प्रसार करणे हे खात्याचे काम, आणि ते त्यांनी केले. पण अर्ध्या एकराच्या तुकड्यात लोखंडी नांगर वळवायचा कुठे, हा प्रश्न त्यांच्याच पुस्तकाने विचारला होता. तुकडे थांबवावेत म्हणून त्यांच्या आधीचे डायरेक्टर कीटिंग यांनी कायद्याचा प्रयत्न करून पाहिला होता. १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात तसे बिल आले, पण धाकट्या भावांनी जमीन सोडून जायचे कुठे, असा विरोध झाला आणि ते सोडून द्यावे लागले. विरोध करणारे अगदीच चुकीचे होते असे म्हणवत नाही. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा मुंबई प्रांतात झाला तो स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली. त्यानंतरही बांधावरचे खटले थांबले नाहीत, ही गोष्ट निराळी.

मॅन सरकारी नोकर होते आणि राज्यकर्त्यांच्या धोरणावर त्यांनी तोफ डागली नाही. शेतसाऱ्याविषयी त्यांनी अधिक कठोर लिहायला हवे होते, असे मला वाटते. मात्र त्यांनी आकडे दडवले नाहीत. म्हणूनच १९४० साली रजनी पाम दत्त यांनी ‘इंडिया टुडे’ हा साम्राज्यविरोधी ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांना याच सरकारी अधिकाऱ्याचे आकडे कामास आले. १९२७ मध्ये निवृत्त होताना मॅन यांनी सांगितले की, येथील प्रगतीच्या आड येणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रिकामे पोट. शेतीत काम नसलेल्या महिन्यांत हातांना काम मिळाले पाहिजे. गांधीजींच्या चरख्यामागील विचारही त्यांनी योग्य मानला. गोऱ्या डायरेक्टरच्या तोंडून हे ऐकून मुंबईतील काही मंडळींच्या भुवया उंचावल्या असल्यास नवल नाही.

मायदेशी परतल्यावर ते पुन्हा वोबर्नलाच रुजू झाले, १९२८ साली, आणि १९५६ पर्यंत तेथे राहिले. दख्खन मात्र सुटले नाही. १८६५ ते १९३८ या काळातील मुंबई दख्खनच्या पर्जन्यमानाचा व दुष्काळांचा त्यांचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय त्र्याऐंशी होते! कानिटकरांनी दरम्यान कोरडवाहू शेतीवर स्वतःचा ग्रंथ लिहून नाव मिळवले होते.

१९६० साली पिंपळे सौदागरची फेरपाहणी पुस्तकरूपाने निघाली आणि पुढच्याच वर्षी डॉ. मॅन वारले. डॅनियल थॉर्नर यांनी त्यांचे विखुरलेले निबंध जमवून मुंबईहून त्यांचे पुस्तक काढले. पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. पवनेकाठच्या त्या दहा-दहा गुंठ्यांवर उंच इमारती उभ्या आहेत आणि एके काळी औत वळायला जागा नव्हती तेथील जमिनीचा भाव आता चौरस फुटांवर सांगतात.