आदराची भिंत आणि आपला चुना

प्रस्थापितांच्या इतिहासाला पाठ्यपुस्तके आहेत, पुतळे आहेत, संग्रहालये आहेत. ज्यांना यांतले काहीच मिळू दिले गेले नाही, त्यांनी आपला इतिहास मांडायचा कुठे? शिकागोच्या काळ्या चित्रकारांनी १९६७ साली या प्रश्नाचे उत्तर एका मोडकळीस आलेल्या इमारतीच्या भिंतीवर दिले. त्रेचाळिसावा रस्ता आणि लँगली मार्ग यांच्या चौकातील ही भिंत ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’, म्हणजे आदराची भिंत, म्हणून ओळखली गेली.

‘ऑर्गनायझेशन ऑफ ब्लॅक अमेरिकन कल्चर’ या संघटनेच्या कलावंतांनी ब्रश हाती घेण्याआधी यादी केली: कोणाला घ्यायचे आणि का? सिल्व्हिया अ‍ॅबरनॅथी यांनी भिंतीची आखणी करून विषयवार भाग पाडले. राजकीय नेते, धर्म, साहित्य, नाट्य, जॅझ, खेळ, असे ते भाग. एकेक भाग एकेका चित्रकाराकडे गेला. रंगचित्रांच्या जोडीला छायाचित्रेही लावली गेली. पन्नासाहून अधिक चेहरे भिंतीवर आले. माल्कम एक्स आले, मुहम्मद अली आले. मार्टिन ल्यूथर किंग यांना मात्र वगळले गेले. ही निवड म्हणजेच इतिहासलेखन होते.

आणि इतिहासलेखन म्हटले की खाडाखोड आली. नॉर्मन पॅरिश यांनी रंगवलेला राजकीय नेत्यांचा भाग त्याच वर्षी पांढरा फासून टाकला गेला आणि यूजीन ‘एडा’ वेड यांनी तो नव्याने रंगवला. फासणारे गोरे नव्हते. या प्रकाराने गट दुभंगला. पुढे १९७१ साली इमारतीला आग लागली आणि लवकरच ती पाडली गेली. पण तोवर अमेरिकेच्या अनेक शहरांतील वस्त्या आपापल्या भिंती रंगवू लागल्या होत्या.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती काळ्यांच्या लढ्यापासून नाव घेऊन. त्यांचा विद्रोह आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या चुकीतून मात्र आपण काय शिकलो?

हे मी स्वतःलाच विचारतो आहे. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील विहाराची भिंत रंगवायचे ठरले. फुले, शाहू, बाबासाहेब, सावित्रीबाई, रमाई, यादीवर वाद नव्हता. पण रंगवणाऱ्या पोराने बाबासाहेबांच्या पायाशी गटारात उतरणारा एक माणूस काढला. समितीतले शिकलेले लोक म्हणाले, ‘यातून बाहेर पडलो ना आपण? मग पुन्हा भिंतीवर कशाला?’ रातोरात चुना फिरला. समितीत मीही होतो, आणि माझा हात वर होता.

माझे वडील निरक्षर होते. आयुष्यभर त्यांनी गटारे साफ केली, म्हणून मी इतिहासाचा प्राध्यापक झालो. त्या भिंतीवरून मी कोणाला पुसले, हे शिकागोचा इतिहास वर्गात शिकवताना मला कळले.

समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. तो पोरगा तिथे हजर असला पाहिजे, एवढी माझी अट आहे.