त्रिक तंत्रिका उद्दीपन आणि मेंदू

कमरेच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या तंत्रिकांना सौम्य विद्युत् स्पंद देऊन मूत्राशयाचे बिघडलेले नियंत्रण सुधारण्याच्या उपचारास त्रिक तंत्रिका उद्दीपन म्हणतात. लघवीची न आवरणारी घाई, तिच्यासोबत होणारी गळती किंवा मार्गात अडथळा नसतानाही लघवी तुंबणे या तक्रारी इतर उपायांनी हटत नाहीत, तेव्हा त्याचा विचार होतो. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एमिल टनाघो व रिचर्ड श्मिट यांनी १९८०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला घाईमुळे होणाऱ्या गळतीसाठी मान्यता दिली. बहुधा तिसऱ्या त्रिक तंत्रिकेलगत इलेक्ट्रोडची बारीक तार बसवून ती नितंबाच्या वरच्या भागात त्वचेखाली ठेवलेल्या स्पंदजनकाला जोडतात.

मूत्राशय भरू लागला, की त्याच्या भिंतीवरील ताणाची वार्ता संवेदी तंत्रिकांवाटे मेरुरज्जूत व तेथून मध्यमेंदूतील करड्या द्रव्यापर्यंत जाते. कपाळामागचा पूर्वललाट भाग सोयीची वेळ व जागा येईपर्यंत लघवी रोखून धरतो. शरीराच्या आतील अवस्थांची जाणीव देणारा इन्सुला आणि त्या जाणिवेला निकड देणारा अग्र सिंग्युलेट भाग हेही या निर्णयात सहभागी असतात. परवानगी मिळताच मस्तिष्कस्तंभाच्या पॉन्स या भागातील केंद्र मूत्राशय आकुंचित करते व त्याच वेळी मूत्रमार्गाचा झडपस्नायू सैल सोडते. या केंद्राचा पुरावा बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून मांडला होता.

या उपचाराचे खरे वैशिष्ट्य असे, की तो परस्परविरुद्ध तक्रारींवर लागू पडतो : ज्याची लघवी थांबत नाही त्याला तो आवर देतो आणि जिची लघवी सुटत नाही तिची वाट मोकळी करतो. केवळ स्नायूला चेतवणाऱ्या किंवा केवळ शिथिल करणाऱ्या उपायाकडून हे घडले नसते. म्हणूनच स्पंदांचा मुख्य परिणाम मेंदूकडे जाणाऱ्या संवेदी संदेशांवर होतो आणि त्यांतून नियंत्रणाची विस्कटलेली घडी बसते, हे स्पष्टीकरण सर्वांत पटण्याजोगे ठरते. मेरुरज्जूतील प्रतिक्षेपांवर होणारा परिणामही त्यात गृहीत धरावा लागतो.

मेंदूतील रक्तप्रवाह दाखवणाऱ्या पेट चित्रणाने या विचाराला आधार दिला. ब्लोक व सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात घाईमुळे गळती होणाऱ्या रुग्णांमध्ये उद्दीपन नुकते सुरू झाले असता संवेदना व हालचाल यांच्या शिक्षणाशी निगडित भागांत बदल दिसले, तर दीर्घकाळ उद्दीपन घेतलेल्यांत ते तसे आढळले नाहीत. मेंदू नव्या संदेशाशी हळूहळू जुळवून घेतो, असा याचा अर्थ लावता येतो. तरुण स्त्रियांत आढळणाऱ्या फाउलर विकारात झडपस्नायू सैल होत नाही व लघवी तुंबते. अशा स्त्रियांत मूत्राशय भरल्यावर मध्यमेंदूत अपेक्षित क्रियाशीलता दिसत नव्हती, ती उद्दीपनानंतर परतली. मूत्राशयाची जाणीवच पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचू लागली, हा या रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा बदल होय.

घोट्याजवळील टिबियल तंत्रिकेचे उद्दीपन हा शस्त्रक्रिया टाळणारा पर्याय आहे. तिचे तंतू त्रिक मुळांतूनही येत असल्याने पायाकडून मूत्राशयाच्या नियंत्रणापर्यंत पोहोचता येते. बारीक सुई टोचून दर आठवड्याला ३० मिनिटे, असे १२ आठवडे उपचार सहसा देतात. या उपचारानंतर मेंदूत उमटणाऱ्या विद्युत् प्रतिसादांतही फरक नोंदला गेला आहे.

हे चित्रणाभ्यास मोजक्या रुग्णांवर झालेले असल्याने आणि लक्षणे कमी झाल्यानेही मेंदूची क्रियाशीलता बदलू शकत असल्याने, दिसलेला प्रत्येक बदल हा सुधारणेचे कारण आहे की तिचा परिणाम, हे केवळ चित्रांवरून ठरत नाही.